कल्चरचा कोड

नोकरीत पाहिलेले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही घटना मात्र तशीच्या तशी आठवते, आणि आठवली की थकायला होतं.

सकाळची हजेरी चालू असताना कसबा बावड्याचा एक शेतकरी ठाण्यात आला. बायको मूत्रमार्गाच्या संसर्गानं दवाखान्यात होती, ताप हटत नव्हता. "लॅबनं सांगितलेलं औषध चालू हाय साहेब, पर गुण न्हाय. रिपोर्टच खोटा वाटतोय." अशांना 'ग्राहक मंचात जा' हे आमचं ठरलेलं उत्तर. तो हलेना, म्हणून अर्ज घेतला.

लॅबमालक चौकशीला हसतच आला. प्रत्येक तपासणीचा बिलावर कोड असतो आणि विमा कंपनी कोड बघूनच पैसे देते, हे त्यानंच मला समजावलं. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा कोड स्वस्तातला. कल्चरचा, म्हणजे जंतू उबेत वाढवून ते कोणत्या औषधानं मरतात हे पाहण्याचा, महागातला. "कोड, रिपोर्ट, सगळं जुळतंय की साहेब." जुळत होतंच. लबाडाचे कागद नेहमी नीटनेटके असतात, पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

सरकारी डॉक्टर आणि दोन पंच घेऊन लॅबवर गेलो. जंतू वाढवायचं उबेचं कपाट उघडायला लावलं. आत स्टीलच्या डब्यात घट्ट दही.

लॅबचा तंत्रज्ञ ओशाळून म्हणाला, "पावसाळ्यात घरात विरजण लागत न्हाय साहेब. हितं झ्याक लागतंय."

"आणि खाता?"

"व्हय की. रोजच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जिथं आजाऱ्यांचे जंतू वाढवतात, तिथलं दही कोण खाईल? 'रोजच' म्हणून आपण काय कबूल केलं, हे तंत्रज्ञाच्याही ध्यानात आलं. जबाबात त्यानं सगळं सांगितलं. बिलावर कोड कल्चरचा लागायचा, पण कल्चर कधी झालंच नव्हतं. नमुने मोरीत जायचे आणि औषधांची नावं मालक अंदाजानं घालायचा.

मालकाला अटक केली. बाईचा नवा नमुना लगेच दुसऱ्या लॅबला पाठवला, पण जंतू वाढायला वेळ लागतो. रिपोर्ट आला तेव्हा ती गेली होती.

दिवसकार्य उरकून नवरा ठाण्यात आला. मालकाला शिक्षा किती होईल, हे त्यानं विचारलंच नाही. "तिला कुठलं औषध लागू पडलं असतं, साहेब?"

मी नाव सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं साधं औषध होतं. त्यानं ते नाव दोनदा पुटपुटलं आणि उठून गेला.

त्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली. गुन्हा उघडकीला येणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी त्यातून शिकलो. शिकून उपयोग काय, ते अजून कळलेलं नाही.