पोटाचं आलं की इंग्रजी

शब्द माणसाला शेवटपर्यंत सोबत करतात. हे वाक्य मी माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात म्हणालो होतो आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. भाषण संपत आलंय, हे माझ्या आवाजावरून लोकांनी ओळखलं होतं. शिवाय मागच्या बाजूला जेवणाची ताटं मांडल्याचा आवाज सुरू झाला होता.

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. निवृत्तीनंतर मंगळवार पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत संध्याकाळचा एक वर्ग घेऊ लागलो. येणारे सगळे कामधंद्याचे लोक. परदेशी जाऊ पाहणाऱ्या दोन नर्स, बँकेत बढतीच्या परीक्षेला बसलेला एक कारकून, उचगावचा एक ट्रान्सपोर्टवाला. यांना इंग्रजी शब्द येत नव्हते असं नाही. कोल्हापुरात इंग्रजी शब्द कोणाला येत नाहीत? अडचण अशी होती की ते शब्द एका वाक्यात आले, की लग्नघरात चुकीच्या पाहुण्याशेजारी बसलेल्या व्याह्यासारखे दिसायचे. म्हणून मी तेवढंच शिकवायचो. साधे, रोजचे शब्द, आणि कोणाशेजारी कोण बसतं एवढंच. पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग' असतो. दोघांनी जागा बदलायची नाही. चूक 'मेक' करायची, गृहपाठ 'डू' करायचा. सर्दी 'कॅच' करायची, जणू ती पळून चालली होती. लक्ष 'पे' करायचं, म्हणजे फी भरल्यासारखं भरायचं.

"पण का, सर?" ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलं. "पाऊस स्ट्राँग का न्हाई?"

"कारण काही नाही. तसं म्हणतात."

"म्हंजे पंगत ठरल्याली हाय की. आमच्या भावकीतबी असंच हाय. का म्हणून इचारलं की भांडणं."

इतकी वर्षं पगार घेऊन मी यापेक्षा जास्त काही सांगू शकलो नव्हतो. मी फक्त ते जास्त वेळ सांगत असे.

खालच्या मजल्यावर माझा थोरला भाऊ राहायचा. दादा एसटीत वाहतूक नियंत्रक होता. आयुष्यभर स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्यामुळे घरातही तो फलाटावर असल्यासारखाच बोलायचा. मीठ मागितलं तरी गारगोटीची गाडी लागल्यासारखं वाटायचं. माझा वर्ग सुटला की जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. "काय मास्तर, आज कुणाचं लगीन कुणासंगं लावलंस?" मी सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आणि ह्येला लोक फी देत्यात."

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्याची भूक गेली. मग वजन गेलं. मग पोटाचं ऑपरेशन झालं. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. नावाऐवजी आधी 'गाठ' म्हणायचे. गाठ हा शब्दही वहिनीला जड वाटू लागला, तेव्हा 'सूज' आली. ऑपरेशननंतरच्या औषधाला सगळे 'सलाइन' म्हणत. "परवा सलाइनला जायचंय," असं वहिनी दारात आलेल्यांना सांगायची. केस गेले तेव्हा तिनं दादाला टोपी आणून दिली आणि सांगितलं, थंडी फार आहे. तेव्हा एप्रिल होता.

आमच्याकडे एक रीत आहे. दवाखान्यात डॉक्टर भेटायला बोलावतात तेव्हा घरातल्या किंवा गल्लीतल्या इंग्रजी येणाऱ्या माणसाला बरोबर न्यायचं. डॉक्टर मराठीच असतो. कंपाउंडरशी तो आपल्यापेक्षा अस्सल कोल्हापुरीत बोलतो. पण काही गोष्टी तो इंग्रजीत सांगतो, आणि त्या समजून घ्यायला असा माणूस लागतो. त्या माणसानं त्या पुन्हा मराठीत सांगायच्या असतात, पण सगळ्या नाही. किती सांगायच्या, हे त्याला न सांगता कळावं अशी अपेक्षा असते. गल्लीतल्या बऱ्याच लोकांसाठी मी हे काम केलं होतं, आणि माझं नाव चांगलं होतं.

यंदा पावसाळा सरताना डॉक्टरांनी नवे रिपोर्ट बघायला बोलावलं. दादा टेबलासमोर, त्याच्या शेजारी वहिनी, मागे पुतण्या आणि मी. पुतण्या पुण्यात इंजिनिअर आहे, म्हणजे इंग्रजी त्यालाही येतं. पण बापाच्या वेळी मुलाचं इंग्रजी धरत नाहीत.

"बीपी झकास हाय, काका," डॉक्टर म्हणाले. "शुगरबी आटोक्यात हाय. पाणी भरपूर प्या. मीठ कमी करा." मग त्यांनी पोटाचा फोटो दिव्यासमोर धरला, खाली ठेवला, आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. ते बराच वेळ बोलले. दादा भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघत बसला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जस्ट कीप हिम कम्फर्टेबल."

'कम्फर्टेबल' मी वर्गात खुर्चीबरोबर शिकवायचो. चपलेबरोबर, प्रवासाबरोबर. एकेक करून पाहिले तर 'कीप', 'हिम' आणि 'कम्फर्टेबल' या तिन्ही शब्दांत भिण्यासारखं काही नाही, पहिलीतल्या पोरालाही येतील. पण दवाखान्यात, फोटो खाली ठेवल्यानंतर, हे तिघं एका ओळीत बसले की त्यांचं एकच सांगणं असतं. उपचार संपले. जो माणूस पुन्हा उठून बाजाराला जाणार आहे, त्याच्याबद्दल असं कोणी म्हणत नाही.

पुतण्यानं विचारलं, "मुंबईला नेलं तर? अजून एक ऑपरेशन?"

"यू कॅन ट्राय. नो हार्म इन ट्राइंग."

हेही मी वर्गात शिकवलं होतं, हॉटेलात नवा पदार्थ मागवण्याच्या धड्यात.

बाहेर बाकावर दादाला बसवून वहिनीनं मला कोपऱ्यात नेलं. "काय म्हणाले, भावजी?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "त्यांच्या म्होरं काय बोलू नका." पुतण्या म्हणाला, "नो हार्म म्हणाले ना, काका? मग झालं तर." मग तिघं बाकाकडे गेलो आणि वहिनीनं दादाला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. फक्त एकदा मुंबईला दाखवून घ्या म्हणाले.

दादा म्हणाला, "व्हय?" आणि उठला.

पुढचे दिवस मुंबईच्या तयारीचे होते. ओळखीतून तारीख मिळाली. भेटायला येणारे शहाळी घेऊन यायचे आणि मुंबईची तारीफ करायचे. एक माजी नगरसेवक दोन कार्यकर्ते आणि शाल घेऊन आले. आजाऱ्याला शाल कशासाठी हे मला कळलं नाही, पण ती घालताना फोटो निघाला. "फायटर हायसा तुम्ही," ते म्हणाले. "विल पॉवर स्ट्राँग ठेवायची आणि पॉझिटिव्ह राहायचं." त्यांच्या प्रत्येक शब्दाशेजारी बरोबर तोच शब्द बसला होता. माझ्या परीक्षेत मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते. दादा शाल पांघरून बसला होता. ते गेल्यावर त्यानं ती काढली आणि विचारलं, "ह्यो कुणासाठी आलता?"

निघायच्या आदल्या दुपारी वहिनी औषधाच्या दुकानात गेली होती. पुतण्या रुग्णवाहिकेचं ठरवायला बाहेर पडला होता. दादानं मला हाक मारली. त्याचा आवाज आता फलाटावरून ऐकू जाण्यासारखा राहिला नव्हता.

"मास्तर, बस. डॉक्टर काय म्हणाला ते सांग."

"सांगितलं की वहिनीनं."

"तिनं तिचं सांगितलं. त्याचं सांग."

मी म्हणालो, मुंबईचे डॉक्टर मोठे आहेत.

"ऐक," तो म्हणाला. "बीपीचं त्यानं मराठीत सांगितलं. शुगरचं मराठीत सांगितलं. मीठ कमी करा, पाणी प्या, सगळं मराठीत. आणि पोटाचं आलं की इंग्रजी. मग काय हाय ते पोटातच हाय की. एवढं कळायला तुझा वर्ग कशाला लावाय पायजे?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला. त्यानं तो बाजूला सारला.

"दर टायमाला असंच हाय. गेल्या बारीला निम्मं निम्मं बोलला. तवा मी म्हटलं, अजून जरा टाइम हाय. ह्या बारीला त्यानं पुस्तकच वाचलं."

"मग तुला कळलंयच," मी म्हणालो.

"मला कळून काय उपेग? मला मुंबईला जायचं न्हाई. पुन्यांदा पोट फाडून घ्यायचं न्हाई. हितं पडायचंय. पण न्हाई कसं म्हणू? घरात सगळी म्हणत्यात सुधारणा हाय. सुधारणा असताना न्हाई म्हणणारा माणूस येडा. कुणीतरी एकदा तोंडानं म्हणाय पायजे. मंग मला न्हाई म्हणता येतंय. पोरगं म्हणणार न्हाई. ती तर मरंल, पण म्हणणार न्हाई. तू म्हण. आणि मराठीत म्हण."

आयुष्यभर मी एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेत आलो. त्या दुपारी मी मराठी वाक्य शोधत होतो आणि जे सापडत होतं ते सगळं भाषांतर वाटत होतं. 'आता त्रास होऊ नये एवढंच बघायचं' असं म्हणून बघितलं. दादानं मान हलवली. मग मी म्हणालो, "दादा, तू यातून उठणार नाहीस."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "एवढंच? आणि तो केवढा वेळ बोलत हुता."

संध्याकाळी पुतण्या आला तेव्हा दादानं सांगितलं की गाडी रद्द कर. मला कळलंय, मास्तरानं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं काय जात हुतं भावजी, गप बसायला?"

प्रश्न रास्त होता.

खरं कळल्यावर माणूस शांत होतो, असं म्हणतात. 'खरं' आणि 'शांत' हे शब्द आपल्याकडे वारंवार शेजारी बसवले जातात. दादा शांत झाला नाही. तो मुंबईला गेला नाही, एवढंच झालं. त्याला दुखायचं आणि तो चिडायचा. उशीवरून, पंख्यावरून, पाण्याच्या तांब्यावरून. मग चिडणंही थांबलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. मी वर्ग चालू ठेवला होता, कारण बंद केला असता तर लोकांनी अर्थ काढला असता. वर्ग सुटल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन बसायचो. आज कोणाचं लग्न कोणाशी लावलं, हे मी आपण होऊन सांगायचो. एकदा त्याला सांगितलं की 'डीप' पाण्याबरोबर जातं आणि झोपेबरोबरही जातं. त्यानं डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, माहीत नाही.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलायची. पण आलेल्या माणसाला ती आता सूज म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, चहा ठेवायची. पुतण्या पुण्याहून दर शनिवारी यायचा आणि बापाचे पाय दाबत बसायचा. त्यानंही मला काही विचारलं नाही. एकदा जिन्यावर म्हणाला, "काका, ट्राय तरी केलं असतं." मी म्हणालो, "हो."

दिवाळी होऊन गेल्यावर, सकाळी चहाच्या वेळी, दादा गेला. त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे तोंड करून. त्याला हवं होतं तसं झालं असं म्हणता येईल, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

दुपारी सगळं उरकून आल्यावर पुतण्या आणि मी पेपरात बातमी द्यायला गेलो. चौकातल्या जाहिरात एजन्सीत संगणकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, पश्चात कोण कोण आहे ते विचारलं. मजकूर पडद्यावर आधीच तयार होता, रिकाम्या जागी दादाचं नाव तेवढं टाकायचं होतं. 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.'

मी म्हणालो, "बाई, ते अल्पशा काढा. वर्षाच्या वर आजारी होते."

त्या म्हणाल्या, "काढते की. पण मग लोक घरी येऊन विचारतात, काय झालं होतं म्हणून."

पुतण्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "राहू दे, काका. आईला विचारत बसतील."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझा भाऊ अल्पशा आजाराने वारला.