हात मागं

भूममधल्या त्या कॉलनीत भाड्यानं घर घेतलं तेव्हा मी घरमालकाला सगळं खरं सांगितलं आणि शेजाऱ्यांना अर्धंच. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं होतं, "कोन ऱ्हायनार हाय हितं, बाई?" मी म्हणाले, "माझे चार विद्यार्थी." हे खोटं नव्हतं. जिल्ह्यातल्या एका निवासी विशेष शाळेत मी सव्वीस वर्षं कार्यशाळा शिकवली आणि ते चौघंही माझ्याच हाताखाली वाढलेले होते. पण भूमसारख्या गावात विद्यार्थी म्हटलं की स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं घेऊन फिरणारी पोरं डोळ्यांसमोर येतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ती येऊ दिली.

पाडवा झाल्यावर जीपमधून चौघं उतरले. सगळ्यात धाकटा एकतीस वर्षांचा, सगळ्यात थोरला बेचाळीसचा, त्याच्या कानशिलावरचे केस पार पांढरे. काकू त्यांच्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे कसले हो विद्यार्थी? ह्यांची तर पोरं कॉलेजात जायाच्या वयाची झाली." मी हसून वेळ मारून नेली. पहिल्या दिवशी सरळ त्यांच्या पायरीवर जाऊन बसायला हवं होतं, सगळं नीट सांगायला हवं होतं. ते केलं नाही, कारण मला नकाराची भीती वाटत होती. चार घरमालक आधी 'बघू, कळवू' म्हणून गप्प झाले होते.

शाळेत मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत राहतात. पुढं कुठं जायचं, याचं उत्तर कुणाकडंच नसतं. सरकारी कागदावर त्यांच्यासाठीचे शब्द बदलत गेले, आधी मतिमंद, मग विशेष, मग दिव्यांग. माणसं तीच राहिली आणि त्यांचं घरही तेच राहिलं, म्हणजे मागची खोली.

तो थोरला ईट गावचा. शाळा सुटल्यावर वीस-बावीस वर्षं आईजवळ राहिला. ती होती तोवर ठीक चाललं होतं. ती गेल्यावर तो भावाकडं आला. भाऊ वाईट नव्हता, पण नवराबायको दोघंही ढोकीकडं ऊसतोडीला जायचे, पाच-पाच महिने. ह्याला कोयत्यावर कसा न्यायचा? म्हणून खोलीत ठेवून बाहेरून कडी, आणि शेजारची एक म्हातारी खिडकीतून भाकरी द्यायची. निवृत्त झाल्यावर मी सहज भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीच्या गजातून त्यानं हात बाहेर काढला आणि माझ्या साडीचा पदर धरून त्याचे दोन कोपरे एकमेकांवर जुळवायला लागला. मी तिथंच ठरवलं की ह्याला कडीच्या बाहेर काढायचं. घर उघडलं ते खरं म्हणजे त्याच्यासाठी. बाकीचे तिघं नंतर जमले.

कोपरे जुळवणं मीच त्याला शिकवलेलं. बोलणं त्याला पाच-सहा शब्दांपलीकडं जमत नाही, पण कपड्यांच्या घड्या तो अशा घालतो की इस्त्रीवाल्यानं लाजावं. वसतिगृहात चारचा चहा झाला की तारेवरचे सगळे कपडे काढायचे, घड्या घालायच्या आणि लहान-मोठे लावून ठेवायचे, हे काम त्याच्याकडं होतं. मी कडक होते. माझ्या आवाजाला शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे टरकून असायचे. तारेवर एक चिंधीसुद्धा राहता कामा नये, असा माझा नियम होता. एखादा रुमाल राहिला तर मी त्याला परत पाठवायची. तो निमूट जायचा, आणायचा आणि मी "बरोबर" म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. एवढा एक शब्द त्याला पुरायचा.

कॉलनीतले पहिले पंधरा दिवस फार छान गेले. इतके छान, की मला शंका यायला हवी होती. मी जवळच राहत होते, सकाळ-संध्याकाळ यायचे. स्वयंपाकाला आणि देखरेखीला एक मावशी होत्या. फाटकाला नुसती कडी होती, ती आतून कुणीही काढावी आणि बाहेर पडावं अशी. मला तेच हवं होतं. घर आहे, कोंडवाडा नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आणि एका दुपारी आरडाओरडा झाला.

मी पोचले तेव्हा काकूंच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. थोरला मधोमध उभा होता, गाल लाल झालेला. काकूंची सून दाराआड रडत होती. ती झोपेतून उठून बाहेर आली तर एक परका, दांडगा पुरुष तिचा ब्लाऊज हातात धरून उभा. काकूंच्या मुलानं धावत येऊन त्याच्या थोबाडीत मारली होती. पायरीवर घड्यांची चळत होती. खाली चादरी, वर साड्या, त्यावर परकर, सगळ्यांत वर पोराची झबली. एकाही घडीचा कोपरा सरकलेला नव्हता. मला पाहिल्यावर तो म्हणाला, "च्या झाला." म्हणजे चहा झाला, आता कपड्यांची वेळ.

मला कळायचं ते सगळं त्या एका क्षणात कळलं. वसतिगृहाला आवार एक होतं आणि तारा एकाच जागी होत्या. तार म्हणजे तार. ती कुणाची, हा प्रश्नच तिथं नव्हता. उजवं-डावं शिकवलं, उलटं-सुलटं शिकवलं, बटणं लावून घडी घालायला शिकवलं. आपलं आणि दुसऱ्याचं हे मात्र मी कधी शिकवलं नाही, कारण तिथं त्याचं स्वतःचं असं काही नव्हतंच. इथं दोन घरांमधली भिंत गुडघ्याएवढी. आपली तार संपली, पलीकडं अजून कपडे दिसले. राहिलेली चिंधी आणायला तो गेला होता.

त्याच आठवड्यात कॉलनीच्या मोकळ्या जागेतल्या गणपतीच्या शेडमध्ये बैठक बसली. काकूंचा मुलगा तहसीलमध्ये कारकून, कागद लिहिण्यात पटाईत. त्यानं लिहिलेल्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या झालेल्या होत्या. तो म्हणाला, "आमची तुमच्याशी काई दुश्मनी न्हाय, बाई. पर घरात बायकापोरी हायत. उद्या काई झालं तर जिम्मेदारी कोनाची?"

मी म्हणाले, "त्यानं कपड्यांच्या घड्या घातल्या. तुम्ही त्याला मारलंत. दोघांत जिम्मेदारीनं कोण वागलं?"

हे बोलायला नको होतं. माझी जीभ वेळेवर आवरत नाही, ही माझी जुनी खोड. शेडमध्ये गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांनी तर विद्यार्थी म्हनून फसिवलं आपल्याला." शेवटी दोनच वाटा उरल्या: घर रिकामं करायचं किंवा फाटकाला कुलूप लावायचं आणि भिंतही कुणी ओलांडणार नाही अशी लेखी हमी द्यायची. घर रिकामं झालं तर तो ईटला जाणार, त्याच खोलीत, त्याच कडीच्या आत. मी कागदावर सही केली. येताना बाजारातून कुलूप घेतलं. दुकानदारानं विचारलं, "छोटं देऊ का मोठं?" मी मोठं घेतलं.

कुलूप लावून मी थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. कुलूप किती दिवस लावायचं? तो शिकला तर कदाचित काढता येईल. कॉलनीला दाखवायचं होतं की माझी मुलं शिकतात. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. लोकांवरचा राग मी त्याच्यावर काढला.

रोज चारच्या चहानंतर मी अंगणातल्या तारेवर दोन कपडे टांगायची. एक त्याचा शर्ट, एक माझी साडी. शर्टाकडं हात गेला की "बरोबर." साडीकडं हात गेला की मी लाकडी पट्टी तारेच्या खांबावर आपटायची आणि म्हणायची, "हात मागं!" त्याचे दोन्ही हात धरून मी पाठीमागं न्यायची आणि बोटांत बोटं अडकवायची. मी त्याला कधी मारलं नाही. पण खांबावर पट्टी वाजली की तो डोळे घट्ट मिटायचा, आणि ते बघूनही मी थांबले नाही. बाकीचे तिघं ओसरीवर बसून बघायचे. धाकटा एकदा रडायला लागला तर मी त्याच्यावरही खेकसले.

महिन्याभरानं तो शिकला. साडी दिसली की आपणहून हात मागं. मी खूश झाले. मावशींना म्हणाले, "बघा, बेचाळिसाव्या वर्षीही शिकतो."

मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाई, परवापासनं त्यो आपल्या घरचे कापडं बी काढंना झालाय. मीच काढते."

मी म्हणाले, होईल हळूहळू. पण झालं नाही. आधी त्यानं इतर तिघांचे कपडे सोडले, मग चादरी, मग स्वतःचा शर्टसुद्धा. चहा झाला की तो तारेसमोर जाऊन उभा राहायचा, हात पाठीमागं, बोटांत बोटं. मग कुणीतरी कपडे काढून नेईपर्यंत तिथंच उभा. मावशींनी केलेल्या घडीचा कोपरा बाहेर आलेला दिसला की त्याचे खांदे हलायचे, पण हात सुटायचे नाहीत. दिवसभर काय करायचं, हेच त्याच्याकडं उरलं नाही. तो जेवण टाकायला लागला.

आषाढात काकू मोरीत घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगा सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. एका दुपारी गळ्यात हात बांधलेल्या काकू भिंतीशी आल्या. मी अंगणात होते. त्या म्हणाल्या, "एक सांगू का, बाई? त्या दिवसाच्या आदी आठ दिस माजे कापडं रोज पायरीवर घडी घातलेले असायचे. मला वाटलं, सून करती. म्या तिचं लई कवतिक केलं. तिला वाटलं, म्या करते. ती मला च्या करून द्यायला लागली." त्या हसल्या. "आठ दिस आमच्या घरात एक शबुद भांडान न्हाय. कवा न्हवं ते."

मीही हसले.

"ते सांगायला पायजे हुतं तवाच," काकू म्हणाल्या. "पोराम्होरं त्वांड उघडलं न्हाय. चूक झाली माजी." मग त्यांनी मागं तारेकडं पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. "ह्यो हात असा. त्याला पाठवता का वाईच?"

फाटकाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी कुलूप काढलं. त्याला भिंत ओलांडू दिली नाही, हात धरून रीतसर रस्त्यानं नेलं, काकूंच्या फाटकातून, पाहुण्यासारखं. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. त्या कागदाचं काय करायचं, मुलाशी कसं बोलायचं, हेही मी चालता चालता ठरवून टाकलं.

तारेवर काकूंचं हिरवं लुगडं होतं, दोन चादरी, मुलाचा सदरा. तो तारेसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं लुगड्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

"घे की रे लेकरा," काकू म्हणाल्या. "माजंच हाय. म्याच सांगते की."

मी म्हणाले, "घे. चालतं. काकूंनी सांगितलंय." मी त्याचे हात सोडवायला गेले. ते दगडासारखे घट्ट होते. त्यानं डोळे मिटले. माझ्या हातात पट्टी नव्हती, तिथं खांबही नव्हता, तरी त्यानं डोळे मिटले. बरंच थांबून ते उघडले आणि माझ्याकडं पाहिलं, काम चोख झाल्यावर बघायचा तसं. तो माझ्या "बरोबर"ची वाट बघत होता.

मला तो शब्द म्हणता येईना, आणि नाही म्हणावं तर तो चुकलाच कुठं होता? मी गप्प आहे हे पाहून त्यानं हात आणखी घट्ट धरले.

थेंब पडायला लागले. काकूंचं लुगडं मीच काढलं आणि घडी घालायला लागले. सव्वीस वर्षं शिकवलं, पण घडी मला कधीच नीट जमली नाही. कोपरा बाहेर आला. तो बघत होता. मी घडी मोडून पुन्हा घातली, पुन्हा कोपरा बाहेर आला, आणि त्याचे हात पाठीमागंच होते.