टोपीसकट बाप

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा सातीबाल्दी. बस चालवून चालवून थकला असं लोक त्याच्याबद्दल म्हणतात, ते खोटं आहे. बसपायी त्याची फक्त कंबर गेली. बाकीचा सगळा तो काराताल बांधण्यात गेला.

काराताल हे त्याचं गाव, आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात, मिसरूड फुटलेला सातीबाल्दी स्वस्तातला कॅमेरा गळ्यात अडकवून दारोदार फिरला होता. प्रत्येक घरासमोर घरचा कर्ता माणूस उभा करायचा आणि फोटो काढायचा. ज्या घरचा माणूस लढाईवरून परतलाच नव्हता, तिथे बाई उभी राहिली. मग आम्ही सगळे वर, तलावाकाठच्या तोक्तोगुलला येऊन राहिलो आणि ते फोटो बिस्किटांच्या डब्यात गेले.

तो निवृत्त झाला तोवर त्याच्या आईची नजर पुरती गेली होती. एकदा चहा पिताना ती, आमच्या सगळ्यांची आपा, सहज म्हणाली, "एकदा आपल्या गल्लीतून चालून यायचं होतं रे." झालं! यानं मागच्या खोलीतलं जुनं दार दोन बाकांवर आडवं टाकलं आणि त्यावर गाव बांधायला घेतलं. वसंतात तलाव ओसरला की काठावरचा गाळ पोत्यात भरून आणायचा. घरं त्याच मातीची होती, म्हणे.

मी त्याची एजे, म्हणजे ताई. जन्मभर भूगोल शिकवला. मी विचारलं, "प्रमाण काय धरलंस?"

"पुरुष म्हणजे आपाचं बोट," तो म्हणाला. "बाई अर्धं पेर कमी. आपाला बोटांनीच चालायचंय ना, एजे. फोटोत माणूस केवढा, दार केवढं, ते मोजायचं. माणसाचं बोट केलं की दार आपोआप येतं."

"सगळे पुरुष काय एका मापाचे असतात?"

"तुम्हाला शाळा सोडून किती वर्षं झाली? अजून गुण कापताय!"

वर्षं गेली. त्याचे डोळे चुरचुरायला लागले, हात कापायला लागले. जेवायला हाक मारली तरी येईना, तेव्हा तुर्सुनाय, माझी बहीण, दारातूनच ओरडायची, "अहो, त्या गावात चूल पेटली असेल तर तिथंच जेवा!"

पूर्ण झालं तेव्हा जुने शेजारी बघायला आले. गावच्या सामुदायिक शेतीच्या अध्यक्षांचा मुलगा एशिम, आता स्वतःच म्हातारा, गावाभोवती फेरी मारून आला तो तोंड पाडून.

"आमचं घर त्या विधवा उल्कानच्या घरापेक्षा लहान कसं? माझे वडील अध्यक्ष होते!"

"बहुतेक त्यांनी तेवढंच खाल्लं असेल," तुर्सुनाय म्हणाली. सगळे हसले.

पण एशिमचं म्हणणं खरं होतं. विधवांची घरं सगळी ऐसपैस, आणि बाप्यांची घरं शेजारी दबून बसलेली. सातीबाल्दी म्हणाला, फोटोत आहे तसं आहे. मला काही ते पटलं नाही.

मग त्यानं आपाला धरून आणलं. तिला हल्ली उभं राहवत नव्हतं. खुर्ची गावाच्या त्या आडव्या दाराच्या कडेला लावली. तिनं बोटांनी पाणवठा ओळखला, गल्ली ओळखली. ती आपल्या घराशी आली, उंबरठा चाचपला आणि तर्जनी दारात उभी केली. बोट चौकटीला घासलं.

"हे कुणाचं घर?"

"आपलंच की, आपा."

"नाही बाळा. माणूस आत गेला खरा, पण त्याची टोपी कुठाय? तुझा बाप टोपीसकट ताठ आत यायचा." आणि तिनं हात मागे घेतला.

सातीबाल्दीनं डबा उघडला. पुरुष सगळे पांढऱ्या उंच फेल्टच्या टोपीत, भुवयांपर्यंत ओढलेल्या. फोटोसाठी टोपी काढणारा आमच्यात कोण आहे? यानं टाचेपासून टोपीच्या टोकापर्यंत मोजून त्याचं बोट केलं होतं. टोपी बोटातच गेली आणि घर तेवढं बुटकं झालं. बायकांच्या डोक्याला नुसता रुमाल. त्यांची घरं तेवढी बरोबर आली होती.

तो बाकावर बसला.

"अर्धं गाव पुन्हा करावं लागेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"एकच होईल, एजे. माझे डोळे एका घरापुरतेच उरलेत."

एशिम रोज यायचा. आधी आमचं कर, आम्ही अध्यक्ष. सातीबाल्दी आपल्या घराची माती मळत राहायचा. हातकापरा माणूस, चौकट तीनदा मोडली. तेवढ्यात आपानं अंथरूण धरलं. चमचाभर सूप घ्यायची आणि तोंड फिरवायची. तुर्सुनाय मला हळूच म्हणाली, "याचं घर आधी पुरं होतंय की आपा आधी जातेय, कुणास ठाऊक."

पावसाळी दुपार होती. माती पुरती वाळलीही नव्हती, तरी त्यानं घर चहाच्या ताटावर ठेवून आपाच्या खोलीत नेलं आणि तिचा हात उचलून उंबरठ्यावर ठेवला. तिचं बोट हळूच दारात शिरलं. मग वर सरकलं, बोटाच्या टोकावरची मोकळी जागा चाचपत राहिलं.

"टोपीसकट," ती म्हणाली. बोट काही तिनं बाहेर काढलं नाही.

ताट धरून सातीबाल्दीचे हात लटलटत होते. "दे इकडे, मी धरते," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. तेवढ्यात अंगणात एशिमच्या खोकल्याचा आवाज आला. मी बाहेर जाऊन त्याला दारातूनच परत पाठवलं.