उत्तर चारच आहे

कदम बाई काल गेल्या. माझ्या ज्या काकांनी त्यांना भर मीटिंगमध्ये माफी मागायला लावली, त्यांनीच आज लांज्याच्या स्टँडवर बाईंचा बॅनर लावलाय.

'आदर्श शिक्षिका' म्हणे!
आणि काकांचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

बाई आम्हाला नववीला भूमिती शिकवायच्या. चौकोनाचं क्षेत्रफळ आलं की त्यांचा होमवर्क ठरलेला. घरची एक जागा मोजून आणा.

"नुसत्या बाजू मोजून भागत नाही गो. आधी कर्ण ओढ. मग दोन्ही कोपऱ्यांतून त्याच्यावर लंब टाक."

काथ्याच्या दोरीचं एक टोक आईने धरलं, दुसरं मी. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेची आमची तिरकी जागा, बाबा गेल्यावर वाटणीत आलेली.

उत्तर आलं चार गुंठे.

पण वाटणी तर सारखी झालेली. काकांना पाच, आईला पाच!
मला वाटलं, माझंच चुकलं. रडत वही दाखवली.

रविवारी बाई स्वतः टेप घेऊन आल्या.
चारच.

काकांनी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला होता. गावात सगळे असंच करतात. काकांची जागा काटकोनी, तिथे ते बरोबर येतं. आमच्या तिरक्या जागेत एक गुंठा नुसता कागदावर वाढला.

चूक होते हो माणसाची. पण दाखवून दिल्यावर?

"बाय, तुमी शालेत शिकवा. आमच्या घरात कशाला शिरताव?" काका म्हणाले.

"घरात शिरत नाही, दादा. क्षेत्रफळ चुकलंय, तेवढंच सांगते."

काका तेव्हा शाळेच्या कमिटीवर. लगेच मीटिंग लागली. जागा मोजायचा होमवर्क बंद. आणि बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागायची.

आई मागच्या बाकावर बसली होती, तिने ऐकलं.
बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माफी मागते. पण उत्तर चारच आहे."

तेव्हा माना खाली घालून बसलेले आज कमेंटमध्ये हात जोडतायत. जराही लाज वाटत नाही?

काकांचे पाच आणि आईचे चार, म्हणजे सारखी वाटणी साडेचार-साडेचारची. आईचा तो अर्धा गुंठा आजही काकांच्या कुंपणात आहे. आई सत्तरीला आली.

काका, तुम्हाला टॅग केलंय. तो बॅनर उतरवा. बाईंना श्रद्धांजली वाहायचीच असेल तर उद्या सकाळी पऱ्याकडे या. दोरी तीच आहे. एक टोक तुम्ही धरा.

दुसरं आई धरेल.

बाई, नमस्कार करते. उत्तर चारच आहे.