दोरी कोण सोडतं?

भांडुपच्या नाल्यावरची ती घटना मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण माझी झोप उडवली ती एका नायलॉनच्या दोरीने.

डोंगरावरून येणारा तो नाला एरवी गुडघाभरही नसतो. जोराचा पाऊस झाला की मात्र त्यावरचा लहान पूल पाण्याखाली जातो. म्हणून पाऊस वाढला की आमचा बीट हवालदार पुलाच्या तोंडाशी आडवी दोरी बांधायचा, आणि ती वारंवार सुटलेली सापडायची. एका दुपारी धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई, दोरी नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं समजून पुढे गेली आणि वाहून निघाली. खालच्या पाइपाला अडकली म्हणून वाचली. पाय मोडला. माझा पाराच चढला.

चहाच्या टपरीवाल्याने खबर दिली, की दोन पोरं पुरात व्हिडिओ काढायला येतात. दोघांना ठाण्यात आणून वेगवेगळं बसवलं. उलटसुलट विचारलं, तरी जबाब एकच. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "साहेब, आम्ही खालून वाकून जातो ना. सोडत कोण बसणार?"

मुद्दा बिनतोड होता. ज्याला वाकता येत नाही, त्यानेच दोरी सोडली असणार. पोरांना दम देऊन घरी पाठवलं आणि पुन्हा जागेवर गेलो. पावसाने धुऊनही दोरीच्या पिळात कुंकू राहिलं होतं. हवालदार कोकणातला. त्याने लगेच ओळखलं, की कोणीतरी नाल्याची ओटी भरली आहे.

वस्तीत चौकशी केली तेव्हा मालवणकडची एक काकी निघाली, गुडघ्यांनी पार बेजार झालेली. तिने काहीही लपवलं नाही. गावी पूर आला की सवाशिणी नदीची ओटी भरतात, तीच रीत ती इथे पाळत होती. पण मग दोरी परत का बांधली नाही, असं मी विचारलं.

"ओटी भरल्यार पाणी उतारता, सायबानू. मगे दोरी कित्याक?"

तिने दोरी सोडल्यामुळेच ती बाई वाहून गेली, हे सांगितल्यावर काकी ढसाढसा रडली. पुढे त्या बाईचा पाय बरा होईपर्यंत काकीने तिला घरचा डबा पोचवला. बाईनेही तक्रार करायची नाही असं सांगितलं. मी काकीला एवढंच बजावलं, की ओटी खुशाल भरा, पण दोरीच्या अलीकडून, आणि दोरीला कोणाला हात लावू देऊ नका.

गुन्हा म्हटला की आम्ही पोलीस आधी वाईट हेतू हुडकतो. इथे हेतू चांगला होता आणि त्यापायीच एक जीव जात होता. तेव्हापासून कोणी केलं याच्याआधी कशासाठी केलं, हे मी विचारू लागलो.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडे मारामारी झाल्याचा फोन आला, म्हणून मी घाईने पुलापाशी पोचलो. पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. वाकून दोरीखालून जाणार, तोच छत्री धरून उभी असलेली काकी आडवी आली.

"वर्दी बघून व्हाळ थांबाचो नाय, सायबानू. मागे फिरा."

हवालदार हसू दाबत होता. मी मुकाट्याने फिरलो आणि जीप लांबच्या मोठ्या पुलावरून नेली. अख्ख्या नोकरीत मला कोणी अडवल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.