पाना लवकर सोडणारं घराणं

त्रेपन्न वर्षांचा बाप्या झाला तरी गल्ली त्याला धाकटेच म्हणायची. कारण थोरले, म्हणजे त्याचे वडील, अजून दुकानाच्या दारात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत. सायकलींचं हे दुकान आजोबांनी काढलं. पंचावन्नही न गाठता त्यांनी पाना थोरल्यांच्या हाती दिला. थोरल्यांनीही तेच केलं. ‘हक्क सोडावा तर या घराण्याने!’ लोक कौतुकाने म्हणत.

आणि इथे धाकट्याची बोटं वर्षभरापासून बधिर होत चालली होती. सांगतो कुणाला, कपाळ? नट किती आवळायचा हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. जास्त आवळला की आटे जातात, कमी आवळला की चाक निखळतं. हे बाहेर फुटलं तर सायकल कोण आणेल? त्यात लेक चांगली नोकरी सोडून दुकानात शिकायला आलेली. तिच्यासमोर तो दिवसभर ऐटीत पाना फिरवायचा आणि आतून पार खचून गेलेला असायचा.

आजोबांपासूनचा शिरस्ता होता: दुरुस्त केलेली सायकल मिस्त्रीने आधी स्वतः चालवून बघायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. त्या दिवशी नर्सबाईंची सायकल घेऊन तो निघाला. दहा पावलं गेला नसेल, पुढचं चाक सुटलं आणि गडी तोंडावर आपटला.

बाईंनीच त्याच्या हनुवटीला पट्टी लावली. “नट ढिला राहिला वाटतं,” त्या म्हणाल्या. “नशीब, मी नव्हते वर.” आणि हात धुवायला आत गेल्या. लेक रस्त्यातली सायकल उचलायला धावली होती.

धाकट्याचा धीर सुटला. “अप्पा, माझ्या बोटांना काही कळत नाही हो.”

थोरले एरवी कशावरही हसायचे. आता हसले नाहीत. “करंगळीपासून सुरू झालं ना?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझंही तसंच झालं. माझ्या वडिलांचंही. म्हणून तर पाना सोडला. लोक वाहवा करत होते, मी गप्प बसलो.”

“मला सांगायला काय झालं होतं?” धाकटा ओरडलाच. “मी दुसरं काही शिकलो असतो!”

“म्हणूनच नाही सांगितलं. दुकान बंद पडलं असतं.”

या म्हाताऱ्याला स्टुलासकट रस्त्यावर फेकून द्यावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात लेक दिसली. सायकल उलटी करून, जीभ दातांत धरून, ती मन लावून नट आवळत होती.

“पाना खाली ठेव,” तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला.

“का? माझं काय चुकलं?”

त्याने तिचा हात ओढून घेतला आणि करंगळी दाबली. जोर किती लागला हे त्याला कळलंच नाही.

“आई गं! बाबा, सोडा ना, दुखतंय!”

“दुखतंय ना?” भर रस्त्यात त्याला रडू फुटलं. “मग बस इथे. तुला एक सांगायचंय.”

“नको रे,” थोरले स्टुलावरून म्हणाले. “ती दुकान सोडून जाईल.”

“जाऊ दे,” तो म्हणाला आणि सांगायला लागला.