सासूबाईंची कॅप आणि फरीदाबादचं पाणी

फरीदाबादचं पाणी खारट. केस गळले, डाळ शिजली नाही, की आमच्या घरात आधी पाण्यावर खापर फुटायचं. त्यामुळे सासूबाईंच्या तोंडाची आग व्हायला लागली तेव्हाही आम्ही पाण्यालाच धरलं.

सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही सांगलीहून आणलं होतं. नव्या सेक्टरमधल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर माझं डोकं खाणाऱ्या या बाई आता दहीभात गिळून गप्प बसायच्या. एक दिवस त्यांनी बॅगच भरली.

"मला सांगलीला पोचव. इथलं पाणी मला मानवत नाही."

तिथे बंद घरात त्या एकट्या कशा राहणार? माझा जीव टांगणीला लागला.

शेजारच्या पंजाबी बाईंनी निरोपाची भेट म्हणून चमचमते कानातले आणले. सासूबाईंनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, "सांग गं त्यांना, मला खोटं चालत नाही. कान चिघळतात."

सांगायचं सोडून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोट्या दागिन्यांत निकेल असतं. त्यांच्या दाढेवर इथे आल्यावर नुकतीच बसवलेली कॅपही निकेलचीच होती, आणि तो धातू मी कामाला होते त्या, दातांच्या कॅपचा धातू बनवणाऱ्या कारखान्यातला. मी तिथे धातू तपासायचे. मला फार वाईट वाटलं.

निकेल नसलेल्या, कोबाल्टच्या धातूवर आमचं काम रडतखडत चाललं होतं.

"मॅडम, ये तो बहता ही नहीं," मालक म्हणायचे. खरंच होतं ते. वितळलेला धातू साच्याच्या टोकापर्यंत पोचायचाच नाही, कॅपची कड अर्धवट राहायची. बाजार खुला झाल्यापासून परदेशी चकचकीत माल येत होता आणि त्याच्याशी टक्कर द्यायला मालकांना फक्त चकाकी हवी होती. मी मात्र आता हट्टाला पेटले. साचा जास्त तापवला, मिश्रण बदललं, पुन्हा ओतलं.

डॉक्टरांना विचारून दोन्ही धातूंच्या चकत्या सासूबाईंच्या दंडावर चिकटवल्या.

"माझ्यावर प्रयोग करतेस होय गं?"

"हो. आणि तोवर बॅग हलवायची नाही."

निकेलखाली लालभडक चट्टा उठला. कोबाल्टखाली काहीच नाही. जुनी कॅप काढून कोबाल्टची, पूर्ण कडेची पहिली कॅप त्यांच्याच दाढेवर बसली.

काही दिवसांनी त्यांनी भाकरी आणि ठेचा मागून घेतला. चवीने जेवल्या, वर पेलाभर पाणी प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं.

"बॅग माळ्यावर टाक गं. पण पाणी खारटच आहे हं इथलं."